कूतला न पोहोचलेली बोट

बेळगावला नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमधले संग्रहालय पाहिले. बरकतपुऱ्यात परतल्यावर या पलटणींचा इतिहास वाचत बसलो आणि इराकमधल्या कूतच्या वेढ्यापाशी थांबलो.

डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याने टायग्रिस नदीच्या वळणावरचे हे गाव वेढले. आत सहावी पुणे डिव्हिजन अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले. घोडे कापले गेले, पण अनेक हिंदी शिपायांनी ते मांस धर्मापायी बरेच दिवस नाकारले. विमानांतून टाकलेली पोती पुरेनात. शेवटी २४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुलनार' ही आगबोट २७० टन सामान घेऊन नदीतून निघाली. बँकेतली सवय जात नाही, मी हिशेब मांडला: आत सुमारे १३,००० माणसे, म्हणजे माणशी २० किलो. जेमतेम तीन आठवड्यांची बेगमी!

तुर्कांनी नदीत आडवा पोलादी दोर बांधून ठेवला होता. बोट त्यात अडकली आणि पकडली गेली. २९ एप्रिलला कूत शरण गेले. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले; त्यांतले हजारो परतलेच नाहीत.

संग्रहालय लष्करी आवारात आहे, तेव्हा जाण्याआधी परवानगीची चौकशी करावी.