गुणसूत्रांचे विलगीकरण आणि प्रथिनांवरील रासायनिक बदल

भूमसारख्या तालुक्याच्या ठिकाणापासून विद्यापीठापर्यंत समविभाजनाचा अभ्यास कांद्याच्या मुळाग्रावरच सुरू होतो. सोळा गुणसूत्रे मध्यावस्थेत एका पातळीवर येतात आणि तर्कूतंतूंनी ओढल्यामुळे विलग होतात, असे सामान्यतः शिकविले जाते. हे विधान अपुरे आहे.

अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवरील कोल्चिसिनच्या परिणामाचे वर्णन केले. (आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते.) कोल्चिसिनमुळे तर्कू तयार होत नाही, तरीही गुणसूत्रांचे दोन्ही अर्धभाग काही काळाने सुटे होतात आणि पेशीतील गुणसूत्रसंख्या दुप्पट होते. ओढणारे तंतू नसतानाही फारकत घडते, तेव्हा तिचे कारण अन्यत्र शोधणे प्राप्त आहे.

हे अर्धभाग कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेले असतात. सेपरेज हे विकर ही कडी तोडते. परंतु सेक्युरिन नावाचे प्रथिन त्याला जखडून ठेवते. योग्य वेळी सेक्युरिनवर युबिक्विटिन या अवघ्या ७६ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची साखळी जोडली जाते आणि अशी मुद्रा उमटलेले सेक्युरिन प्रोटिअसोममध्ये नष्ट होते. युबिक्विटिनच्या या कार्याच्या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फेटची जोडणी पेशी पुन्हा काढू शकते, नष्ट झालेले प्रथिन मात्र तत्काळ परत येत नाही. मागे फिरता न येणाऱ्या टप्प्यासाठी विघटनाचाच मार्ग असावा, हे सयुक्तिकच होय.

ही मुद्रा उमटविणारे संकुल केव्हा कार्यान्वित व्हावे, यावर कडक पहारा असतो. एखादेही गुणसूत्र तंतूला जोडलेले नसेल, तर मॅड-२ आदी प्रथिने या संकुलाचा सहकारी सीडीसी-२० याला रोखून धरतात. कोल्चिसिनने पेशी मध्यावस्थेत अडकतात त्या यामुळेच; कांद्यात ही अटक कालांतराने सुटते, इतकेच.

पृष्ठवंशीय प्राण्यांत आणखी एक पायरी आढळते. गुणसूत्रभुजांवरील बरेचसे कोहेसिन फॉस्फोरिलीकरणामुळे आधीच निघून जाते. गुणसूत्रबिंदूजवळ मात्र शुगोशिन हे प्रथिन फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराच्या साहाय्याने त्याचे रक्षण करते. जपानी भाषेत या नावाचा अर्थ रक्षक देवता असा आहे. स्त्रीच्या अंडपेशीत वाढत्या वयानुसार कोहेसिनचे बंध क्षीण होतात. उतारवयातील मातांच्या अपत्यांत एकविसावे गुणसूत्र अधिक असण्याची, म्हणजेच डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.