जादा टनेजचे श्रेय नेमके कुणाचे?



उसाची वजने झाली की गावोगावी चर्चा सुरू होते. "अमक्यानं दोन पोती युरिया जास्त टाकला, म्हणून त्याचं टनेज वाढलं." ऐकणारा पुढच्या हंगामात तेवढीच पोती वाढवतो. पण टनेज खरोखर खतानेच वाढले का? प्रश्न पदरच्या पैशाचा आहे. त्याचे उत्तर काढण्याचा हिशेब संख्याशास्त्रात आहे. त्याला 'बहुचल समाश्रयण' म्हणतात. नाव जड, पण कल्पना सोपी आहे.

समजण्यापुरते आकडे मानून चार प्लॉट घेऊ :

सुरू, ४ पोती – एकरी ३५ टन
सुरू, ६ पोती – एकरी ३९ टन
आडसाली, ४ पोती – एकरी ५० टन
आडसाली, ६ पोती – एकरी ५४ टन

कुणी फक्त पहिला आणि चौथा प्लॉट पाहिला, तर २ पोत्यांत १९ टन वाढ दिसते. म्हणजे पोत्यामागे साडेनऊ टन! पण चौथा प्लॉट आडसाली आहे. सुरूचा ऊस साधारण बारा महिन्यांत तुटतो, आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. हंगामाचे श्रेय खताच्या खात्यावर जमा झाले, ते असे.

आता हंगाम तोच ठेवून पाहा : पोत्यामागे वाढ २ टन. खत तेवढेच ठेवून पाहा : आडसालीची वाढ १५ टन. सूत्र असे झाले :

एकरी टन = २७ + (२ × पोती) + आडसाली असल्यास १५

बाकीचे सारखे धरून एकेकाचा वाटा वेगळा काढायचा, एवढेच बहुचल समाश्रयण!

प्रत्यक्ष रानात आकडे इतके सरळ येत नाहीत. म्हणून सूत्राने सांगितलेले टन आणि काट्यावरचे टन यांतील फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज कमीत कमी येईल, असे सूत्र निवडतात. ही 'लघुतम वर्ग' पद्धत फ्रेंच गणिती लझांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. शेतीच्या कामासाठी संख्याशास्त्र शिकवणारा डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला. त्यांतले डॉ. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात :

१) वरचे सूत्र ४ ते ६ पोत्यांपुरतेच. २० पोती टाकून आडसालीला ८२ टन मिळतील असे कुणी समजू नये. खत वाया जाईल आणि जमीनही बिघडेल.

२) सगळ्या आडसालीला ६ आणि सगळ्या सुरूला ४ च पोती पडली असतील, तर कोणताही हिशेब दोघांचे वाटे वेगळे करू शकत नाही.

३) ज्याची नोंद नाही, त्याचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाते. जादा खत टाकणाऱ्याने पाण्याच्या पाळ्याही जास्त दिल्या असतील आणि त्या लिहिल्याच नसतील, तर खत फुकट भाव खाऊन जाते.

तेव्हा प्रत्येक प्लॉटची लागण तारीख, जात, खताची पोती, पाण्याच्या पाळ्या, तोड तारीख आणि वजन वहीत लिहून ठेवा. शेजाऱ्याचं पाहून पोती वाढवण्याआधी एवढंच विचारा : बाकीचं सगळं सारखं होतं का?