जाहिरात आणि कारागिराचे नाव

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली होती. पैसे भरण्याची तयारी होती; तरी ‘केसरी’ने ती छापली नाही. ही घटना आपण अस्पृश्यतेच्या इतिहासात सांगतो. ती जाहिरातीच्या इतिहासातही सांगितली पाहिजे, असे माझे मत आहे. पैसे टाकले की जाहिरात मिळते, ही समजूत आपल्या समाजात कधीच पूर्ण खरी नव्हती.

तिच्या शेजारी आणखी दोन घटना ठेवतो. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी शेअरबाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गळाली. दुसरी घटना कोल्हापूरची. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान थाटले. महाराच्या हातचा चहा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

या तीन घटनांत जाहिरातीची तीन अंगे दिसतात : माध्यम, नाव आणि साक्ष. माध्यम नाकारले गेले, नाव आडवे आले, आणि साक्षीने दुकान उभे राहिले. आज छोट्या धंद्याची जाहिरात मोबाईलवर, इंटरनेटवर होते. तेव्हा आपण विचारले पाहिजे : या तीन अंगांपैकी कोणते आपल्या हाती आले आणि कोणते अजून दुसऱ्याच्या हाती आहे? कोल्हापुरी चपलेच्या धंद्याचे उदाहरण घेऊन मी हे मांडतो. हा धंदा चांभार, ढोर, मांग यांच्या हातांवर उभा आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणारा, तळ कापणारा, वेणी घालणारी बाई, हे सारे आपलेच लोक.

प्रथम माध्यम. इथे बदल खरा आहे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. दुकानाचे नाव, पत्ता, फोन, वेळ आणि फोटो द्यायचे. पत्ता खरा आहे याची खात्री बहुधा दुकानाचे चित्रीकरण मागवून केली जाते. कोणी ‘चपलेचे दुकान’ म्हणून शोधले की कोणते दुकान वर दाखवायचे हे तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल स्वतः सांगते : शोधलेल्या शब्दांशी नोंद किती जुळते, शोधणारा किती अंतरावर आहे आणि दुकान किती प्रसिद्ध आहे. पहिली गोष्ट आपल्या हातची आहे. ‘फूटवेअर’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘हातशिलाईची कोल्हापुरी, मापानुसार बनवून मिळेल’ असे लिहिले तर तेच शोधणारा माणूस आपल्यापर्यंत येतो.

२०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेसही फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासह लावता येते. परगावच्या गिऱ्हाइकाला पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला सांगावे, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो मागवावा. नुसत्या नंबरावर पाठवलेला जोड परत येतो आणि जाण्यायेण्याचा खर्च कारागिराच्या मजुरीतून जातो.

परंतु फुकट मिळालेली जागा आपली नसते. पान कंपनीचे असते, नियम तिचे असतात, खाते ती बंद करू शकते. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, फोन आणि पावलाचे माप त्याला विचारून आपल्या वहीतही लिहून ठेवावे. वही हीच कारागिराची खरी मालमत्ता.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचा हिशेब वेगळा आहे. फेसबुक किंवा गूगल छापील दराने जागा विकत नाहीत. दर वेळी पडद्यावर जागा रिकामी झाली की तिचा लिलाव होतो. बोली किती आणि पाहणाऱ्याला जाहिरात किती उपयोगी वाटेल, या दोहोंवर निकाल लागतो. साऱ्या देशभर जाहिरात लावणारा कारागीर मोठ्या भांडवलाशी बोली लावत बसतो. त्याने आपला मुलूख ठरवावा, रोजची मर्यादा ठरवावी आणि आधी हिशेब करावा. समजा, जोड १२०० रुपयांना विकला आणि माल व मजुरी मिळून ९०० गेले. उरलेल्या ३०० रुपयांतून विक्रीस्थळाचे कमिशन, पाठवणावळ, परत आलेल्या जोडांचा तोटा आणि जाहिरात हे सारे भागले पाहिजे. भागत नसेल तर विक्री वाढेल तसा तोटाच वाढेल. हा हिशेब न मांडता ‘ऑनलाइन या’ म्हणणारा सल्ला भांडवलवाल्यांच्या सोयीचा असतो. कायद्याची एक अडचण मात्र कमी झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीच्या मर्यादेखाली उलाढाल असलेला लहान विक्रेता जीएसटी नोंदणी न करता, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरता अशा विक्रीस्थळांवरून माल विकू शकतो.

आता नाव. दुकानांच्या नोंदी करून देताना मी पाहिले आहे, नावाची चौकट आली की बोट थांबते. मुलगा म्हणतो, “आडनाव नको, नुसते ‘कोल्हापुरी चप्पल’ लिहा.” बाप म्हणतो, “लिही रे, गाव ओळखतंयच की.” दोघांच्या बोलण्यामागे एकच अनुभव आहे. मुलाला मी भ्याड म्हणणार नाही. बाबासाहेबांच्या पेढीवरून गिऱ्हाइके उठून गेली, ती त्यांच्या विद्वत्तेत उणे होते म्हणून नव्हे. पण नाव गाळण्याची किंमत काय पडते, तेही पाहिले पाहिजे. कारागीर आपले नाव गाळतो तेव्हा त्या जागी व्यापाऱ्याचे नाव येते. बाजारात पाटी त्याची, नकाशावर दुकान त्याचे, डब्यावर छाप त्याची. बनवणारा जोडावर मजुरी घेतो आणि निनावी राहतो. गावगाड्यात काम आपले आणि मान दुसऱ्याचा होता. पडद्यावरही तेच चालले आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, जाहीर झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाचे जोड दाखवले आणि त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. अर्जदार हे मानांकनाचे नोंदणीधारक नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड काढण्याचे जाहीर झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. नाव न घेता घाट उचलणाऱ्याला ते सहजासहजी अडवत नाही. आणि ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्याच्याशीच करार होतो. म्हणून जीआय मिळाले यात समाधान मानून चालणार नाही. प्रत्येक कारागिराने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेतली पाहिजे. अशी नोंद असल्यावरच रेक्झिनच्या जोडाला कोल्हापुरी म्हणून विकणाऱ्याकडे त्याला बोट दाखवता येते.

नाव लपवायचे की सांगायचे, याचे उत्तर काहींनी कृतीने दिले आहे. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली ‘दलित फूड्स’ या नावाने लोणची आणि मसाले इंटरनेटवरून विकायला काढले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांनी अन्नच विकायला काढले, तेही नाव सांगून. सुधीर राजभर यांनी मुंबईत, धारावीतील कारागिरांना घेऊन, शिवीसारखे वापरले जाणारे नावच ‘चमार स्टुडिओ’ म्हणून पिशव्यांवर घातले. प्रत्येकाने असेच करावे असे मी म्हणत नाही. उपजीविका पणाला लागलेल्या माणसाला धाडसाचा उपदेश करणे सोपे असते. पण एकट्याला जड जाणारे नाव दहा कुटुंबांनी मिळून लावले तर ते पेलते, एवढे मला निश्चित वाटते.

शेवटी साक्ष. गंगाराम कांबळ्यांच्या चहाला राजाची साक्ष लागली. आज गिऱ्हाइकाने लिहिलेला अभिप्राय आणि त्याने टाकलेला फोटो ही साक्ष आहे. ती मागावी लागते; समाधानी गिऱ्हाईक बहुधा गप्प असते. जोड दिल्यावर दोन ओळी लिहायची विनंती करावी. विकत घेतलेले खोटे अभिप्राय घेऊ नयेत. ते उघडे पडले की खऱ्यावरचाही विश्वास जातो. दुसरी साक्ष कामाची. कातडे कापणारी रापी, वेणी घालणारी बोटे, पूर्ण झालेला तळ, यांचे छोटे चित्रीकरण दाखवावे. गिऱ्हाईक कारखान्याच्या मालात आणि हातच्या मालात फरक करू लागते ते असे पाहूनच. तिसरी साक्ष कागदाची. लिडकॉमने अस्सल जोडांसाठी क्यूआर कोड आणला आहे. त्यातून गिऱ्हाइकाला बनवणारा कोण हे कळत असेल, तरच तो कारागिराच्या कामाचा.

घरातील बाई वेणी घालते, पण चित्रीकरणात बहुधा पुरुषच दिसतो, पाटीवरही त्याचेच नाव असते. आपण व्यापाऱ्याला जे विचारतो ते आपल्या घरातही विचारले पाहिजे. नाव लिहायचे तर तिचेही लिहावे.

इंटरनेटने जात मोडलेली नाही. ‘मूकनायक’ला नाकारलेली जागा त्याने उघडी केली आहे, इतकेच. त्या जागेवर कोणाचे नाव लागणार हे यंत्र ठरवणार नाही. आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुलामुलींनी एकेका कारागिराच्या शेजारी बसून त्याची नोंद, त्याचा हिशेब आणि त्याची वही नीट लावून द्यावी. चळवळीचे हेही काम आहे, आणि ते आजच्या आज सुरू करता येण्यासारखे आहे.