पांढऱ्या रस्त्यांची जत्रा

गायोले इन किआंती (इटली) : फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागात वसलेल्या या गावाची वस्ती जेमतेम पावणेतीन हजार. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मात्र वस्तीच्या दुपटीहून जास्त सायकलस्वार इथे उतरतात. निमित्त असते ‘लेरोइका’चे. शब्दाचा अर्थ ‘वीरश्रीची’. ज्यांकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यात ९२ जण होते. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तोही १९९७ मध्येच. त्यामुळे एका आडगावाने सायकलीच्या जोरावर पाहुणे कसे आणले, याचा हिशेब मालवण किनाऱ्याच्या वाचकाला उपयोगी पडावा.

या उपक्रमाच्या मुळाशी सायकल नसून रस्ता आहे. तोस्कानाच्या या भागात शेतमळे जोडणारे खडी-मातीचे पांढरट रस्ते आहेत. इटालियन लोक त्यांना ‘स्त्रादे बिआंके’, म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. इथली शेती पिढ्यान् पिढ्या ‘मेद्झाद्रिया’ पद्धतीने चाले. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे; कोकणातली अर्धेलच ती. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण कारखान्यांकडे गेले, १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले आणि डोंगरातली घरे एकामागून एक कुलूपबंद झाली. चाकरमान्यांची वाट पाहणाऱ्या मालवणी वाड्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. उरलेले कच्चे रस्ते डांबराखाली जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना नवे काम दिले तरच ते टिकतील, असा विचार पुढे आला. जुन्या काळचे शर्यतपटू अशाच धुळीतून सायकल चालवत. ती आठवण या रस्त्यांशी जोडून दिली गेली.

म्हणूनच सायकलीचा नियम कडक आहे. सायकल साधारण १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी. गिअरच्या कांड्या सांगाड्याच्या तिरक्या नळीवर असाव्या लागतात, ब्रेकच्या तारा हँडलवरून कमानीसारख्या बाहेर आलेल्या दिसाव्या लागतात आणि पॅडलला पाय अडकवायचे पट्टे लागतात. अंगात लोकरी जर्सी असते. अट हौशी वाटली तरी तिच्यात व्यवहार आहे. जुनी सायकल वेगात जात नाही, त्यामुळे शर्यत होतच नाही. तिचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी गावात जुन्या सामानाचा बाजार भरतो. रविवारी चालवणारा माणूस त्यासाठी शुक्रवारी-शनिवारीच येतो आणि एका दिवसाच्या पाहुण्याचा मुक्काम दोन-तीन रात्रींचा होतो.

मार्ग अनेक आहेत. सर्वांत छोटा पन्नास किलोमीटरच्या आतला, सर्वांत लांब २०९ किलोमीटरचा. लांबच्या मार्गाचे लोक उजाडण्यापूर्वी निघतात. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारी सायप्रसच्या झाडांची वाट तेव्हा दिव्यांनी उजळलेली असते. प्रत्येकाकडे एक कार्ड असते. ठरलेल्या गावी थांबायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि खायचे. तिथे ‘रिबोल्लिता’ मिळते. शिळा पाव, घेवडा आणि काळपट कोबी पुन्हा उकळून केलेले हे गरिबाघरचे सार. कुठे ऑलिव्ह तेल चोपडलेला पाव असतो, तर कुठे वाइनमध्ये भिजवून साखर भुरभुरलेला. पहिला-दुसरा नंबर काढला जात नाही. रस्ते रहदारीला बंद केले जात नाहीत. सायकलस्वाराने वाहतुकीचे नियम पाळूनच जायचे असते. त्यामुळे पोलीस बंदोबस्ताचा आणि खर्चाचा मोठा भार आपोआप टळतो. शर्यतीचे गणित वेगळे. २०२६ च्या जानेवारीत झालेल्या पुणे ग्रँड टूरसारख्या आंतरराष्ट्रीय शर्यतीला रस्ते नव्याने करावे लागतात, वाहतूक अडवावी लागते आणि सरकारला पाठीशी उभे राहावे लागते. छोट्या गावाला ते झेपणारे नाही.

इतक्या लोकांची उठबस एवढेसे गाव कसे करते, हे समजायला इटलीच्या गावगाड्याची एक खूण लक्षात घ्यावी लागते. नगरपालिकेला इथे ‘कोमूने’ म्हणतात आणि तिच्या जोडीला बहुतेक गावांत ‘प्रो लोको’ नावाचे स्वयंसेवकांचे मंडळ असते. पाहुण्यांसाठी गावाने काय करावे, हे ते मंडळ पाहते. वर्षातून एकदा ‘साग्रा’ भरते. एखाद्या पिकाच्या किंवा पदार्थाच्या नावाने होणारी ही जत्राच. लांब टेबले, मोठी पातेली, वाढायला गावातलेच लोक. सायकलस्वारांचे थांबे चालवण्याची तालीम गावांना आधीच झालेली असते.

फळ दोन प्रकारे मिळाले. २००७ मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी ती गायोलेतून निघून सिएनाला संपली. आज ‘स्त्रादे बिआंके’ हे तिचे नाव जगभर माहीत आहे. दुसरे फळ त्याहून मोलाचे. लांबच्या मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या आणि कोणीही वर्षातल्या कोणत्याही दिवशी तो मार्ग चालवू लागला. कच्चा रस्ता मागासपणाची खूण न राहता जपण्याजोगी ठेव ठरला.

मालवणात हे जुळवायचे तर पहिला प्रश्न तोच : गावाने कोणता रस्ता जपायचा? सिंधुदुर्ग किल्ल्याची जेटी, तारकर्ली आणि देवबाग इथे सुट्टीत गाड्यांची रांग हलत नाही. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली देवबागची पट्टी तर इतकी अरुंद की तिथे आणखी माणसे नेण्यात अर्थ नाही. पाहुणा न्यायचा तो उत्तरेला : कोळंब, हडी, कालावल खाडी, आचरा, आणि तयारीच्या लोकांसाठी पुढे कुणकेश्वरपर्यंत. आतल्या बाजूला मसुरे. या भागात जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पाणंदी आणि सड्यावरच्या तांबड्या वाटा अजून आहेत. अंतर फार नाही, पण खाडीपासून सड्यावर चढणाऱ्या घाट्या लहान असल्या तरी दम काढतात. नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा या चढांची मोजदाद आधी करायला हवी.

दुसरा प्रश्न तारखेचा. पावसाळा आणि मे महिना बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी, नाताळात गर्दी. जानेवारीचा उत्तरार्ध बरा. तेव्हा वायंगणी शेते हिरवी असतात, आंब्याला मोहोर असतो. पहाटे गारवा असला तरी अकरानंतर ऊन तापते. म्हणून उजाडताच निघून दुपारपूर्वी परतावे. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन दरवर्षी वेगळी ठरते. ती कळल्याशिवाय सायकलीची तारीख छापणे धोक्याचे, कारण जत्रेच्या दिवशी त्या भागात ना रस्ता मोकळा, ना खोली.

सायकलीची अट इथे उलट्या दिशेने वापरता येईल. पहाटे भोंपू वाजवत येणाऱ्या पाववाल्याची काळी उभी सायकल चालवील त्याला मानाचा शिक्का, असे ठरवले तर महागडी सायकल नसलेला शाळकरी पोरगाही उतरेल. मुंबई-पुण्याचे लोक कोकण रेल्वेने कुडाळला येतात. गाडीत सायकल ब्रेकव्हानमध्ये आगाऊ चढवावी लागते आणि स्टेशनवर थांबा थोडा असतो. त्यांच्यासाठी भाड्याच्या सायकली मालवणातच तयार ठेवणे सोयीचे.

थांबे बचत गटांकडे द्यावेत आणि प्रत्येक गावाचा पदार्थ वेगळा असावा : एके ठिकाणी घावणे-चटणी, पुढे शिरवाळे-रस, खाडीकाठी पेज आणि लोणचे, शेवटी मालवणी खाजे आणि कोकम सरबत. पैसे नोंदणी शुल्कातून थेट गटाला मिळावेत. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी पिंप आणि स्वतःचा तांब्या किंवा बाटली. ग्रामपंचायती, नगरपरिषद आणि पोलीस ठाण्याची परवानगी, १०८ ची रुग्णवाहिका, प्रत्येक थांब्यावर पंक्चर काढणारा मिस्त्री आणि मागून येणारा एक टेंपो, एवढी तयारी पुरते. मनुष्यबळाची पद्धत नव्याने शिकावी लागणार नाही. जत्रेत कोणत्या वाडीने काय सांभाळायचे, हे मानकरी आणि गावकरी जसे वाटून घेतात, तीच वाटणी इथे चालेल.

पहिल्या वर्षी शंभरच्या आत माणसे घ्यावीत. राहायला न्याहारी-निवासाची घरे आहेत, पण थांब्यावरच्या तव्यावर एका वेळी किती घावणे उतरतात, यावरच संख्या ठरते. पाट्या मात्र पहिल्याच वर्षी कायमच्या लावाव्यात. सोहळा एका रविवारचा. पाटी मसुऱ्याच्या तिठ्यावर उभी असली की फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दोन अनोळखी सायकली तिथे वळतील.