'हार्ड' की 'हार्डली'? एका 'ली'नं अर्थ उलटतो

बेळगाव : "मी खूप कष्ट करतो" हे मुलाखतीत इंग्रजीतून सांगायचं असतं आणि तोंडातून निघतं, 'आय वर्क हार्डली'. बोलणाऱ्याला वाटतं, 'ली' लावलं म्हणजे व्याकरण शुद्ध झालं. पण 'हार्डली' म्हणजे जेमतेम, नसल्यासारखं. समोर बसलेल्या साहेबांना ऐकू येतं, "मी फारसं काम करत नाही". बरोबर वाक्य आहे, 'आय वर्क हार्ड'.

बँक आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत 'वाक्यातली चूक शोधा' असे प्रश्न असतात. विशेषणाच्या जागी क्रियाविशेषण घालणं हा त्यातला नेहमीचा सापळा. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांचे इथे हातचे गुण जातात.

गोंधळ कशामुळे होतो?

मराठीत आपण 'चांगला मुलगा' म्हणतो आणि 'तो चांगला खेळतो' असंही म्हणतो. दोन्हीकडे शब्द तोच. इंग्रजीत मात्र मुलगा 'गुड' असतो आणि तो खेळतो 'वेल'.

सीमाभागातल्या मुलांना इथे कन्नडची मदत होऊ शकते. कन्नडमध्ये 'सुंदर' हे विशेषण, पण गाणं कसं म्हटलं हे सांगताना 'सुंदरवागि' म्हणतात. हा 'आगि' जे काम करतो, तेच बहुतेक वेळा इंग्रजीत 'ली' करतो. 'ब्यूटिफुल' गाणं, पण गायली 'ब्यूटिफुली'.

ओळखायचं कसं?

शब्द कशाबद्दल सांगतो ते बघा. माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल सांगत असेल तर विशेषण. काम कसं झालं हे सांगत असेल तर क्रियाविशेषण. 'हर इंग्लिश इज गुड', पण 'शी स्पीक्स इंग्लिश वेल'. तब्येतीबद्दल बोलताना मात्र 'आय ॲम वेल' बरोबर आहे.

'ली' लावताना जपून

काही शब्द 'ली'शिवायच दोन्ही कामं करतात. 'फास्ट' हा त्यातला. 'फास्टली' असा शब्द वापरात नाही. 'ही रन्स फास्ट' एवढंच पुरे.

काही शब्दांना 'ली' लागलं की अर्थच बदलतो :

- लेट म्हणजे उशिरा. लेटली म्हणजे अलीकडे. 'बस उशिरा आली' हे 'द बस केम लेट' असंच सांगायचं.
- निअर म्हणजे जवळ. निअरली म्हणजे जवळजवळ. 'आय निअरली पास्ड' म्हणजे पास होता होता राहिलो!
- हाय म्हणजे उंच; हायली म्हणजे अत्यंत. पक्षी 'हाय' उडतो, उमेदवार 'हायली क्वालिफाइड' असतो.

उलट, 'फ्रेंडली', 'लव्हली' यांच्या शेवटी 'ली' असलं तरी ती विशेषणं आहेत. 'ही टॉक्ड फ्रेंडली' चूक. 'ही टॉक्ड इन अ फ्रेंडली वे' बरोबर.

चव, वास आणि वाटणं

'लुक', 'फील', 'टेस्ट', 'स्मेल', 'साउंड' या क्रियापदांपुढे भले भले अडखळतात. कुंदा खाऊन 'इट टेस्ट्स वेल' म्हणायचं नाही, 'इट टेस्ट्स गुड' म्हणायचं. कारण इथे कुंदा काही काम करत नाही, तो कसा आहे हे आपण सांगतोय. क्रियापद काढून तिथे 'इज' घालून बघा. वाक्य तेच सांगत असेल तर विशेषण घ्या. म्हणूनच वाईट वाटलं तर 'आय फील बॅड', 'बॅडली' नाही.

पण तेच क्रियापद कृती दाखवत असेल तर नियम फिरतो. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली, 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' म्हणजे तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं.

अर्ज किंवा बायोडाटा पाठवण्याआधी त्यातला 'ली' असलेला प्रत्येक शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि त्याचा मराठी अर्थ वर लिहा. तुम्हाला जे म्हणायचं होतं तेच तिथे दिसतंय का, हे लगेच कळेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण "जेमतेम काम करतो" असं स्वतःच्याच सहीनं लिहून देण्यापेक्षा बरं.