कटिनाल संकोच
कटिनाल संकोच : कमरेच्या भागातील कशेरुक नाल (मणक्यांच्या मधून जाणारी पोकळ नळी) किंवा तीतून तंत्रिका (मज्जा) बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद होऊन तंत्रिकामूलांवर दाब पडण्याच्या विकाराला ‘कटिनाल संकोच’ म्हणतात. तो प्रामुख्याने वयाच्या पन्नाशीनंतर आढळतो. उतारवयात चालण्याची शक्ती हिरावून घेणाऱ्या विकारांपैकी तो एक असून औषधे व व्यायाम यांनी आराम न पडल्यास त्यावर शस्त्रक्रिया करतात. मात्र बहुतेक रुग्णांत ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. ती करावी की नाही व केल्यास किती करावी, हा या विकाराच्या चिकित्सेतील मुख्य प्रश्न आहे.

शारीर व कारणे : कमरेत पाच कटिकशेरुक (मणके) असतात. प्रौढ व्यक्तीत मेरुरज्जू साधारणपणे पहिल्या किंवा दुसऱ्या कटिकशेरुकाच्या पातळीवर संपतो. त्याखालील नालेत तंत्रिकामूलांचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटीसारख्या आकारामुळे त्याला ‘अश्वपुच्छ’ हे नाव आहे. नालेच्या पुढील बाजूस कशेरुकांची पिंडे व त्यांमधील चकत्या, मागील बाजूस कशेरुक कमानींच्या अस्थिपट्ट्या व त्यांना जोडणारे पीत बंध आणि दोन्ही बाजूंस लघुसंधी असतात. वाढत्या वयाबरोबर चकती झिजून मागे फुगते, लघुसंधींवर अस्थीची वाढ होते, पीत बंध जाड होऊन आत दुमडतो आणि नाल तिन्ही बाजूंनी आवळली जाते. चौथ्या व पाचव्या कटिकशेरुकांमधील पातळीवर हा बदल सर्वाधिक आढळतो. तेथेच वरचा मणका खालच्या मणक्यावर पुढे सरकल्यास (कशेरुकसर्पण) संकोच अधिक वाढतो.

काही व्यक्तींत नाल जन्मतःच अरुंद असते. फ्ल्युओराइडाचे प्रमाण जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास बंधांचे अस्थीभवन होऊनही नाल आकुंचित होऊ शकते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर इ. जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइड अधिक आढळते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातील मुख्य दोष पाण्यातील क्षारांचा असून तो यापेक्षा निराळा आहे.

इतिहास : हेंक व्हर्बीस्ट या डच तंत्रिकाशस्त्रक्रियाविशारदांनी १९५४ मध्ये या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले. उभे राहिल्यावर व चालताना उद्‌भवणाऱ्या पायांच्या वेदना अरुंद नालेमुळे होतात आणि नाल मोकळी केल्यास त्या थांबतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९८० नंतर संगणकीय छेददर्शन व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) यांचा प्रसार झाल्यावर निदान सुलभ झाले.

लक्षणे व निदान : काही अंतर चालल्यावर नितंब, मांड्या व पोटऱ्या यांत वेदना, जडपणा किंवा मुंग्या येतात, बसल्यावर वा पुढे वाकल्यावर त्या ओसरतात. पुढे वाकल्याने नाल किंचित रुंद होते, हे याचे कारण होय. त्यामुळे उकिडवे बसून निंदण करणाऱ्या किंवा सायकल चालविणाऱ्या रुग्णाला पायांचा त्रास कमी जाणवतो. परंतु शेतातून घरापर्यंत ताठ चालत येताना त्याला वाटेत अनेकदा बसावे लागते. केवळ या कारणाने कष्टकरी माणसाचा विकार बराच काळ ‘वयाचे दुखणे’ समजला जातो.

पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्यानेही चालताना पोटऱ्या दुखतात. तंबाखू व बिडी यांचे सेवन करणाऱ्यांत आणि मधुमेही व्यक्तींत हा विकार विशेष आढळतो. त्यात नुसते थांबून उभे राहिल्याने वेदना जाते. कटिनाल संकोचात मात्र सामान्यतः बसावे किंवा वाकावे लागते. म्हणून पावलांवरील नाडी तपासणे आवश्यक असते. प्रतिमादर्शनात दिसणारा संकोच म्हणजे रोग नव्हे. कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक वृद्धांत अरुंद नाल आढळते. लक्षणे, शारीरिक तपासणी व प्रतिमा या तिन्हींचा मेळ बसला, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात.

शस्त्रक्रियेविना चिकित्सा : पुढे वाकण्याचे व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे, कामाच्या पद्धतीत बदल आणि वेदनाशामके यांनी अनेकांना आराम पडतो. पुष्कळ रुग्णांत विकार वर्षानुवर्षे स्थिर राहतो. वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या खारपाण पट्ट्यातील तालुक्यांत मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी बऱ्याच काळापासून आहेत. तेथील रुग्णांत मूत्रपिंडांचे कार्य तपासूनच ही औषधे देणे इष्ट ठरते. नालेतील दृढतानिकेबाहेर स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देतात. परंतु ४०० रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीत (२०१४) स्टेरॉइड व बधिरकारी औषध आणि केवळ बधिरकारी औषध यांच्या परिणामांत सहा आठवड्यांनंतर फारसा फरक आढळला नाही.

शस्त्रक्रियेचे प्रकार : (१) नालविमोचन : ही मूळ शस्त्रक्रिया होय. रुग्णाला पालथे झोपवून कमरेच्या मध्यरेषेवर छेद घेतात. कंटक (मणक्याचा मागे आलेला भाग) व कमानीच्या अस्थिपट्ट्या काढतात. नंतर जाड झालेला पीत बंध व लघुसंधींचा आतील भाग कोरून तंत्रिकामुले मोकळी करतात. लघुसंधींचा बराचसा भाग राखावा लागतो. तो अधिक काढल्यास मणके अस्थिर होतात.

(२) मर्यादित विमोचन : यात कंटक व मधले बंध शाबूत ठेवून एका बाजूने शिरून दोन्ही बाजू मोकळ्या करतात किंवा कंटक उभा चिरून नंतर पूर्ववत जुळवितात. नॉर्वेमध्ये ४३७ रुग्णांवर अशा तीन पद्धतींची तुलना करण्यात आली (२०२२). दोन वर्षांनंतर तिन्हींचे फलित जवळजवळ सारखे आढळले. सूक्ष्मदर्शक वा अंतर्दर्शक (दुर्बीण) वापरून लहान छेदातूनही हेच काम करतात. त्यामुळे स्नायूंना इजा कमी होते व रुग्णालयातील मुक्काम घटतो. मात्र तंत्रिकांवरील दाब दूर करणे हाच दोन्हींचा हेतू असतो.

(३) अस्थिसंमीलन : मणका सरकलेला व अस्थिर असल्यास, मणक्यांची वक्रता बिघडली असल्यास किंवा विमोचनासाठी लघुसंधी मोठ्या प्रमाणावर काढाव्या लागल्यास लगतचे मणके धातूचे मळसूत्री खिळे, दांडे व अस्थिरोप यांच्या साहाय्याने कायमचे जोडतात. चकती काढून तिच्या जागी मागील बाजूने अस्थिरोप बसविण्याच्या पद्धतीचा पुरस्कार अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद राल्फ क्लोवर्ड यांनी १९४० नंतरच्या दशकात केला. भारतात या पद्धतीच्या प्रसाराशी मूळचे गोव्याचे व मुंबईस कार्यरत असलेले तंत्रिकाशस्त्रक्रियाविशारद प्रेमानंद रामाणी यांचे नाव निगडित आहे.

प्रत्येक रुग्णात अस्थिसंमीलन आवश्यक नसते. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१६) नुसते विमोचन व अस्थिसंमीलनासह विमोचन यांच्या फलितांत दोन व पाच वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही; सरासरी साडेसहा वर्षांत दोन्ही गटांतील सुमारे एकपंचमांश रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत अस्थिसंमीलनाचा काहीसा अधिक लाभ दिसला. मणका सरकलेल्या २६७ रुग्णांवरील नॉर्वेतील चाचणीत (२०२१) नुसते विमोचन कमी प्रतीचे ठरले नाही. अस्थिसंमीलनास वेळ, रक्त व खर्च अधिक लागतो आणि जोडलेल्या भागालगतच्या मणक्यांवर ताण वाढतो. म्हणून खिळे का आवश्यक आहेत, याचे कारण रुग्णास समजणे महत्त्वाचे असते.

(४) कंटकांतर रोधक : दोन कंटकांच्या मध्ये पाचर बसवून मणके किंचित वाकलेले ठेवण्याची ही पद्धती २००० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तीत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक आढळल्याने तिचा वापर मर्यादित झाला आहे.

फलित व उपद्रव : शस्त्रक्रियेने पायांच्या वेदना कमी होऊन चालण्याचे अंतर वाढते, कंबरदुखी मात्र तितकी खात्रीने जात नाही. दीर्घकाळ दाबल्या गेलेल्या तंत्रिकांमुळे आलेला बधिरपणा काही अंशी राहू शकतो. दृढतानिका फाटून मस्तिष्क-मेरुद्रव पाझरणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नीलेत रक्ताची गुठळी होणे, तंत्रिकेस इजा व कालांतराने पुन्हा संकोच होणे हे मुख्य उपद्रव होत. वय, मधुमेह, हृद्‌विकार व धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. धूम्रपानामुळे अस्थिसंमीलन नीट होत नाही. विमोचनानंतर बहुधा दुसऱ्या दिवसापासून रुग्णास चालविता येते. परंतु ओझे उचलणे व वाकून करावयाची शेतीकामे काही आठवडे आणि अस्थिसंमीलनानंतर काही महिने वर्ज्य करावी लागतात. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबाला हा काळ पेरणी वा वेचणीच्या हंगामाबाहेर निवडता येतो, कारण सामान्यतः काही महिने थांबल्याने हानी होत नाही.

याला अपवाद अश्वपुच्छ दाबले गेल्याचा आहे. लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा जाणे, जननेंद्रिय व गुदद्वाराभोवती बधिरता आणि पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी तासांचे महत्त्व असते. विलंबाने होणारी हानी कायमची ठरू शकते. म्हणून रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील सोयी : जिल्ह्यात तेरा तालुके असून जिल्ह्याचे ठिकाण लोहमार्गावर नाही, मुंबई–हावडा लोहमार्ग उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा व शेगाव या गावांवरून जातो. त्यामुळे मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांना अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबई येथे जावे लागत आले आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ पासून, तर खामगावपासून सुमारे ५० किमी. अंतरावरील अकोला येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले. तीत मणक्यांच्या काही शस्त्रक्रियांचा समावेश असून प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. खर्चाची अडचण त्यामुळे काही अंशी कमी झाली, तरी शस्त्रक्रियेची निवड रुग्ण किती चालू शकतो व त्याला किती चालावे लागते, यावरच ठरविणे योग्य असते.