आंघोळीच्या पाण्यात गेलेला सिलिंडर

पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे, त्यांना वाढलेलं बिल कागदावर दिसतं. जळगाव-धुळ्यात अजून बहुतेक घरांत सिलिंडरच आहे, आणि सिलिंडरला मीटर नसतो. इथे खर्च वाढल्याचं कळतं ते कॅलेंडरवरून. नवा सिलिंडर लावला की तारखेभोवती गोल करून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. दिवाळीपर्यंत ४५ दिवस पुरणारा सिलिंडर पौषात चार आठवडेही पुरत नाही, आणि मग घरात शोध सुरू होतो. सिलिंडर वजनाला कमी आला का, रेग्युलेटर गळतोय का, शेगडी बिघडली का? हे प्रश्न गैर नाहीत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण हिवाळ्यात अचानक वाढणाऱ्या गॅसखर्चाचं सर्वांत मोठं कारण बहुतेक वेळा न्हाणीघरात असतं, आणि तिकडे सहसा कुणी पाहत नाही.

उष्णतेचा हिशेब अवघड नाही. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जळगावचं किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरतं, धुळ्यात पारा त्याहूनही घसरतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १८ अंश धरू, आणि आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरे समजू. १५ लिटरची बादली २२ अंशांनी तापवायची तर ३३० किलोकॅलरी हव्यात. एलपीजीच्या एका ग्रॅमात सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे कागदावर ३० ग्रॅम गॅस झाला. पण शेगडीची सगळी उष्णता पातेल्यात शिरत नाही. घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, असं भारतीय मानक सांगतं. तीही ठरावीक भांड्यावर, झाकण ठेवून, प्रयोगशाळेत मोजलेली. घरातल्या वाऱ्यावर, उघड्या पातेल्याखाली ती ५५ टक्के मिळाली तरी खूप. म्हणजे एका बादलीला ५५ ग्रॅम. चौघांचं घर असेल तर रोज २२० ग्रॅम आणि महिन्याला ६.६ किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरातला जवळजवळ निम्मा गॅस असा मोरीतून वाहून जातो. थोडंच पाणी कढत करून त्यात गार पाणी मिसळलं तरी हिशेब बदलत नाही, लागणारी उष्णता तेवढीच राहते.

आता कॅलेंडरकडे पुन्हा पाहा. ४५ दिवस पुरणारा सिलिंडर म्हणजे स्वयंपाकाला रोज सुमारे ३१५ ग्रॅम. त्यात आंघोळीचे २२० मिळवले की रोजचा खर्च ५३५ ग्रॅमवर जातो आणि सिलिंडर २६-२७ दिवसांत संपतो. कुणी चोरी न करता, काही न गळता. उन्हाळ्यात मात्र भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात असतो, नळाचं पाणीच चटका देतं, ते तापवण्याचा प्रश्नच येत नाही. त्या सहा-आठ महिन्यांच्या अंदाजावर आपण हिवाळ्याचं माप ठरवतो आणि फसतो.

पण गॅस महागलाय त्याचं काय, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडचा निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो आणि त्याची किंमत गृहिणीच्या हातात नाही. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ८ एप्रिल २०२५ रोजी घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला आणि महाराष्ट्रात साडेआठशेच्या आसपास गेला. त्या दराने किलोला ६० रुपये पडतात, म्हणजे आंघोळीचे ६.६ किलो महिन्याला सुमारे ४०० रुपयांचे होतात. त्या दरवाढीची बातमी पहिल्या पानावर होती. तिच्या कितीतरी पट रक्कम महिन्याकाठी न्हाणीघरात जाते, आणि ती घरच्यांच्या हिशेबातही नसते.

स्वयंपाकघरातही चोर पाणीच आहे, फक्त तिथे ते वाफेच्या रूपात पळतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी पुरतात. तेच पाणी वाफ करून उडवायचं तर आणखी ५४० लागतात, म्हणजे सातपट. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या आसपास उकळू लागलं की खालचा जाळ कितीही वाढवा, तापमान वर सरकत नाही. वाढतो तो फक्त वाफ होण्याचा वेग. त्यामुळे खळखळ उकळणारी डाळ मंद रटरटणाऱ्या डाळीपेक्षा लवकर शिजत नाही. वरण-बट्टीच्या बेताला बट्ट्या उकडायचं मोठं पातेलं झाकणाविना तासभर फुल गॅसवर राहिलं आणि दीड लिटर पाणी आटलं, तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम गॅस केवळ स्वयंपाकघराची हवा दमट करण्यात गेला. झाकण ठेवलं आणि उकळी फुटताच ज्योत बारीक केली, तर यातला बराचसा वाचतो. प्रेशर कुकरचं रहस्यही हेच आहे. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळपास जातं आणि तूरडाळ पटकन मऊ होते. शिट्टी म्हणजे नको असलेली वाफ बाहेर पडणं. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत मंद ठेवली तरी आतलं तापमान तेवढंच राहतं. जाळ मोठा ठेवला तर शिट्ट्या जास्त होतात, डाळ लवकर होत नाही. मठ, चवळी, हरभरा रात्री भिजत घालण्यानेही गॅस वाचतो. पाण्याला दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ जाळावर घालवण्यापेक्षा गार पाण्यात फुकट मिळतो.

भरताच्या वांग्याचंही सांगायला हवं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे टपोरं, पाणीदार वांगं गॅसच्या उघड्या ज्योतीवर भाजताना बहुतेक उष्णता बाजूने हवेत जाते. शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याची चव न्यारी असते, आणि तिथे जळतं ते शेतातलंच टाकाऊ लाकूड.

आता वजनाचा संशय. तो मनात ठेवण्यापेक्षा काट्यावर ठेवावा. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं; त्यात १४.२ मिळवले की भरलेल्याचं वजन निघतं. घरपोच देणाऱ्याने वजनकाटा सोबत ठेवणं आणि मागितलं तर वजन करून दाखवणं बंधनकारक आहे. कापूस मोजायचा काटा खान्देशातल्या कितीतरी शेतकरी घरांत असतोच, तोही चालेल. एक किलो जरी कमी भरला तरी तो गुन्हा आहे. सिलिंडर परत करावा, वैधमापन विभागाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. मात्र ४५ दिवसांचा सिलिंडर २६ दिवसांत संपायचा, तर तो जवळजवळ ६ किलोने कमी भरलेला असायला हवा, आणि इतका हलका सिलिंडर उचलणाऱ्या हाताला तिथेच कळतो. गळतीचंही तसंच. एलपीजीत मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे महिन्याला काही किलो गॅस गुपचूप गळत राहणं कठीण आहे. शंका आली तर नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावून पाहावा, फुगे आले तर गॅस बंद करून १९०६ ला फोन करावा. शेगडीचं म्हणाल, तर पिवळी ज्योत आणि काळी पडणारी भांडी ही बर्नर साफ करायची वेळ झाल्याची खूण आहे. ५५ टक्क्यांची शेगडी ६८ टक्क्यांवर आली तर गॅसचा एक पंचमांश वाचतो, ही बचत लहान नाही. पण शेगडी नेमकी दर जानेवारीत बिघडून होळीला आपोआप दुरुस्त होत नाही.

मग थंड पाण्याने आंघोळ करायची का? मुळीच नाही. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, बाळंतीण असेल तर ऊन पाणी ही चैन नव्हे. प्रश्न एवढाच आहे की त्यासाठी स्वयंपाकाचा सिलिंडर वापरावा का. विजेचा रॉड स्वस्त पडतो ही समजूत अर्धीच खरी आहे. एका बादलीला सुमारे ०.३८ युनिट लागतं, आणि युनिटचा दर साधारण साडेआठ रुपयांच्या वर गेला की वर दिलेल्या दराच्या गॅसपेक्षा रॉड महाग पडतो. गॅस गीझर पातेल्यापेक्षा कमी गॅस खातो, पण बंद न्हाणीघरात त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. तो बाहेरच्या मोकळ्या जागीच बसवावा. जुना तांब्याचा बंब या बाबतीत शहाणा होता: जाळाची नळी थेट पाण्याच्या मधून वर जायची, त्यामुळे धूर निघून जाण्याआधी आपली उष्णता चारही बाजूंच्या पाण्याला देऊन जायचा. खान्देशाचं खरं उत्तर मात्र गच्चीवर आहे: उन्हावर पाणी तापवणारा सौर बंब. साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प २०१३ पासून उभा आहे, तो इथल्या उन्हाच्या भरवशावरच. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी एक चौरस मीटर गच्चीवर चार-पाच युनिट उष्णता पडते. चौघांच्या आंघोळीला दीड युनिट पुरते. भाड्याच्या घरात सौर बंब बसवता येत नाही आणि धुळ्यात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर तो चालवताना टाकी भरलेली ठेवावी लागते, या अडचणी खऱ्या आहेत. पण ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे, त्यांनी पुढच्या सिलिंडरच्या दराची बातमी वाचण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवरच्या कुटुंबांना हा सल्ला लागू नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, पण २०२३-२४ मध्येही देशभरात तिचे लाभार्थी वर्षाला सरासरी चारच्या आसपासच सिलिंडर घेत होते. त्यांना गॅस वाचवा असं सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वयंपाकाला तो अधिक वापरावा, इतका तो परवडायला हवा.

बाकीच्यांनी पुढचा सिलिंडर लावताना कॅलेंडरवर तारखेसोबत वजनही लिहावं. आंघोळीचं पाणी सलग आठ दिवस गॅसवर तापवावं, पुढचे आठ दिवस दुसऱ्या कशावर, आणि दोन्ही आठवड्यांनंतर सिलिंडर काट्यावर ठेवावा. त्यानंतरही हिशेब जुळला नाही, तर तो कागद घेऊनच वितरकाच्या दारात जावं.